सुइणींचा वर्ग

मी फायनलची परीक्षा पास झाले तेव्हा घरात माझ्याविषयी दोन मतं होती. अण्णांना वाटे, पोरीने मास्तरीण व्हावं; आईला वाटे, पोरीने आता तव्यावरून घावन न मोडता उलटायला शिकावं. दोघांचंही काही चुकत नव्हतं. मला शिकवायला येत नव्हतं आणि माझे घावन तव्याला चिकटत. दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आली होती, तिला दिवस गेले होते. तिला आई नव्हती, म्हणून पहिलंच असलं तरी बाळंतपण आमच्याकडेच व्हायचं ठरलं होतं. माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. मी सकाळी रहाटाचं पाणी ओढायची, दुपारी आईबरोबर सुपारी कातरायची आणि बंदरावरून आगबोटीचा भोंगा ऐकू आला की उगाच ओटीवर येऊन उभी राहायची. आमचं घर मांडवीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरातलं मीठ बारा महिने ओलसर असे आणि दाराच्या कड्या गंजून हाताला लाल रंग लागे.

अण्णा बंदरावर कस्टमात कारकून होते. दवाखान्याच्या औषधांची खोकी मुंबईहून आगबोटीने येत, ती सोडवून घ्यायला डॉक्टरीणबाई कधीकधी स्वतः येत. अशाच एकदा त्या अण्णांजवळ बोलल्या, की गावातल्या सुइणींना चार गोष्टी नीट शिकवून दाखला आणि सामानाची पेटी द्यायची आहे. हाताने करून दाखवायचं ते त्या दाखवतीलच, पण बायांना एक लहानसं पुस्तक आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता यायला हव्यात. मुळाक्षरं त्या बाया शिकल्या होत्या. अक्षराला अक्षर लावून कसंबसं वाचतही होत्या. वाचलेलं मात्र काही केल्या कळत नव्हतं. अण्णा घरी येऊन जेवता जेवता म्हणाले, “मी सांगून आलोय, आमची यमू शिकवील म्हणून.” आईच्या हातातली डाव आमटीत तशीच राहिली. लग्नाची पोर सुइणींना शिकवणार, हे तिला कल्पनेतसुद्धा झेपत नव्हतं. पण अण्णा शब्द देऊन आले होते, आणि आमच्याकडे दिलेला शब्द मागे घेण्याची रीत नव्हती.

पुस्तक आलं. पन्नासेक पानांचं, पिवळट पुठ्ठ्याचं. आईला वाचता येत असे, बेताचं. तिने ते दुपारी स्वयंपाकघरात नेलं, बराच वेळ चाळलं, आणि मग फडताळातून सुईदोरा काढून मधली आठ पानं गोधडीला टाके घालावेत तशी शिवून टाकली. पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली, “ही पानं डॉक्टरीणबाई शिकवतील. तू पुढची नि मागची शिकव.” मी बरं म्हटलं. माझ्या तेव्हाच्या वयाच्या आजच्या मुलीने ते टाके त्याच क्षणी उसवले असते. मला ते सुचलंसुद्धा नाही.

बाया पाच येत, त्यातल्या दोघी महिन्याभरात गळाल्या. उरल्या तिघी. गोदाक्का पेठकिल्ल्यावरची, साठीकडे झुकलेली, उंच, हातापायांनी जाडजूड. अर्ध्या मांडवीची नाळ तिने कापली होती, माझीसुद्धा. काशी मिऱ्याची, पस्तिशीतली, सकाळी बाजारात मासे विकून तशीच वर्गाला येणारी. तिची सासू सुईण होती, ती गेल्यावर लोक काशीला बोलवायला लागले. आणि सुंदरा, मूळची पालीची, इथे मावशीकडे राहायची. ती फारसं बोलत नसे, पण तिघींत वाचायला तीच बरी. दुपारी जेवणं आटोपली की तिघी ओटीवर येत. पहिल्या दिवशी आई माजघराच्या दारात बसून लक्ष ठेवून होती. दुसऱ्या दिवशी काशीने टोपलीत उरलेले पेडवे पानात बांधून आणले. तिसऱ्या दिवशी मुडदुसे आणले. चौथ्या दिवशी आईनेच विचारलं, “काशी आली का गो?” त्यानंतर वर्गाला आईकडून काही त्रास झाला नाही. उलट वर्ग सुटताना चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या किंवा पोह्याचे पापड असं काहीतरी ती बाहेर पाठवू लागली.

मी मात्र फार वाईट शिकवत होते. मला शाळेत जसं शिकवलं होतं, तसंच मी शिकवत होते. फळ्यावर शब्द लिहायचा, पुढे अर्थ लिहायचा आणि दहा वेळा म्हणून घ्यायचा. जंतू म्हणजे सूक्ष्म जीव. सूक्ष्म म्हणजे अत्यंत लहान. अत्यंत म्हणजे फार. तिघी माना डोलवत सुरात म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की एकमेकींकडे पाहत. महिना असा गेला. एके दिवशी काशी पुस्तकातलं एक वाक्य वाचत होती: अशा प्रसंगी विलंब न लावता डॉक्टरांस बोलवावे. घाम पुसत पुसत ती शेवटापर्यंत पोचली. मी अर्थ विचारला. गोदाक्का गंभीरपणे म्हणाली, “म्हंजे असा, की तवा इलंब लावायचा न्हाय.”

“आणि विलंब म्हणजे काय?”

“ता देशावरचा औशद आसंल,” गोदाक्का म्हणाली. “आमी लावीतच न्हाय. आमी एरंडेल लावतो.”

मला हसू आवरेना. आतून आईही हसली. पण हसता हसता मी थांबले, कारण त्या तिघींपैकी कुणीच हसत नव्हतं. काशीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच लाज पाहिली. बाजारात जिच्याशी भाव करायला भलेभले कचरत, ती काशी पुस्तक मिटून खाली बघत होती. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. पुस्तकातलं सगळ्यात गरजेचं वाक्य ते, आणि ते या बायांना कळू नये, तर दोष त्यांचा कसा?

दुसऱ्या दिवशी मी फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि शंभरपानी वही घेतली. म्हटलं, आजपासून मी अर्थ सांगणार नाही; मी गोष्ट सांगीन, तिला तुम्ही काय म्हणता ते तुम्ही मला सांगा. मग वहीत एका बाजूला पुस्तकाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा शब्द, असं लिहायला लागलो. विलंबापुढे ‘उशीर’ लिहिला. उष्णपुढे ‘कढत’. मूर्च्छेपुढे काशीने ‘घेरी’ लिहायला लावली. शिथिल म्हणजे सैल, नऊवारीचा काष्टा सुटतो तसं. गर्भाशयापुढे गोदाक्काने नुसतं ‘पिशवी’ असं सांगितलं, आणि एक शब्द कमी केल्यासारखा हात झटकला. निर्जंतुक हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना. तेव्हा मी विचारलं, एकादशी निर्जळी करतात म्हणजे काय करतात? पाणी न घेता, असं सुंदरा म्हणाली. मग ‘निर्’ म्हणजे काय उरलं? काशी एकदम म्हणाली, “न्हाय ता. जा न्हाय ता निर्.” तिला तो ‘निर्’ इतका आवडला की पुढचे आठ दिवस बाजार निर्मासळी होता, तिचा नवरा निर्बुद्ध होता आणि आमची कॉफी निर्साखर होती. आई आतून म्हणाली, “साखर घातलीय मेल्ये, ढवळ.”

या वहीत एक गंमत अशी झाली, की माझं अज्ञान उघडं पडलं. मला शब्द ठाऊक होते. त्या शब्दांची वस्तू ठाऊक नव्हती. गर्भाशय म्हणजे गर्भ राहण्याची जागा, असं मी ठणकावून सांगितलं होतं. गोदाक्काने सहज विचारलं, ती कुठे असते बायो? मी छातीच्या खाली कुठेतरी हात ठेवला. तिघी हसल्या नाहीत. तिघींनी एकदम माझ्यावरून नजर काढून अंगणातल्या माडाकडे पाहिलं, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी चुकलं. मग मी आईला विचारलं. आई म्हणाली, “वेळ आली की कळेल.” घरोघरी हेच उत्तर मिळे.

माघात, आंब्यांना मोहोर आला होता तेव्हा, एका सकाळी वहिनीच्या पोटात दुखू लागलं. गोदाक्काला बोलावणं गेलं, ती काशीला आणि सुंदराला घेऊनच आली. मागच्या खोलीत बाज टाकली होती. मला माजघराच्या पलीकडे जायला बंदी होती. मी चुलीवर पाण्याचे हंडे चढवायची, आणि सुंदरा दाराशी येऊन ते आत न्यायची. काशीने नखं कापून, हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेले मी पाहिले आणि मला उगाच बरं वाटलं. दुपार कलायच्या आत मूल रडल्याचा आवाज आला. मुलगी झाली. अण्णा ओटीवर येरझाऱ्या घालत होते ते बसले. दादाने साखर वाटायला काढली.

पण आतली धावपळ थांबली नाही. आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मुलामागची वार पडत नव्हती आणि वहिनीच्या अंगावरून फार जात होतं. दादा सायकल काढून डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि तसाच परत आला. बाई कुणाला तरी पाहायला पालीला गेल्या होत्या. मग तो सायकलवरूनच पालीच्या रस्त्याला लागला. ते अंतर काय, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. आतून वहिनी कण्हत होती, आणि मग कण्हणंही बारीक होत गेलं.

आई माझ्यापाशी आली. “ते पुस्तक कुठे आहे?”

मी फडताळातून काढून दिलं. शिवलेली पानं तिने बोटांनी ताणली, दोरा तुटेना, म्हणून दातात धरून तोडला. टर्रकन आवाज झाला आणि पानाचा एक कोपराही फाटला. ती पुस्तक घेऊन आत गेली. मी तिच्यामागून दारापर्यंत गेले. दार लोटून घेतलेलं होतं. मला आत बोलवावं असं तेव्हाही कुणाच्या मनात आलं नाही आणि माझी तरी लोटून जायची छाती कुठे होती. गोदाक्काला बारीक अक्षरं मुंग्यांसारखी दिसत, सुंदराच्या हातात मूल होतं, म्हणून पुस्तक काशीच्या हाती गेलं. ही पानं तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती. मला तिचा आवाज ऐकू येऊ लागला. वर्गात वाचायची तसाच, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखा. “वा-र... प-ड-ण्या-स... उ-शी-र...” बाहेर अण्णा उभे राहिले होते. “ना-ळ... क-दा-पि... ओ-ढू न-ये.”

मग ती थांबली.

“मास्तरीणबाय,” काशीने दाराआडून हाक मारली, “कदापि म्हंजे काय गो? कदी कदी का कदीच न्हाय?”

“कधीच नाही,” मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. “काही झालं तरी नाही. कधीच नाही.”

“मंग सोडतंय,” गोदाक्काचा आवाज आला. “फुडा वाच.”

पुढे लिहिलं होतं की गर्भाशय वरून हाताने चोळून कठीण करावे, मूल आईच्या अंगाशी लावावे. हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मला ऐकू आलं ते असं: “अक्का, पिशवी वरनं चोळायची, शहाळ्यागत लागते ती नारळागत लागंपतूर. पोर छातीशी द्या.” कठीण हा शब्द तिने उच्चारलाही नाही. पुस्तकातली अक्षरं तिच्या डोळ्यांत शिरत होती आणि तोंडातून तिची स्वतःची भाषा बाहेर येत होती. दाराशी उभं राहून, वहिनीची ती अवस्था असताना, मला हे कसं जाणवलं देव जाणे. पण जाणवलं, आणि मी तिथेच खाली बसले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आमच्या घरातलं घड्याळ त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. मग आईने मोठ्याने श्वास सोडलेला ऐकू आला आणि गोदाक्का म्हणाली, “पडली.” डॉक्टरीणबाई दिवेलागणीला पोचल्या, तोवर वहिनी पेज प्यायली होती. त्यांनी तपासलं, औषध दिलं, पुन्हा पुन्हा गोदाक्काकडे बघितलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

गोदाक्काला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. विहिरीवर हातपाय धुऊन ती मागच्या पायरीवर बसली होती. मी कॉफी घेऊन गेले. ती घेईना. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, की आजवर अशी अडलेली वार ती ओढूनच काढत आली, तिच्या आईने तिला तसंच दाखवलं होतं. बहुतेक वेळा निभावलं. दोनदा नाही निभावलं. एक बाजारपेठेतली होती.

“दुसरी माझी सून,” ती म्हणाली. “ह्यो एक शबूद, बायो. यवढासा. कोणी सांगितलाच न्हाय.”

मी सतरा वर्षांची होते. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले, आणि कॉफी गार होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला येणार नाही, अशी माझी खात्री होती. ती सगळ्यांच्या आधी आली आणि म्हणाली, ती आठ पानं आज वाचायची. आईने ऐकलं आणि फडताळातून पुस्तक आणून दिलं.

शिमग्याच्या आधी डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घेतली. सुंदरा आणि काशी पास झाल्या. गोदाक्काला अण्णांनी आपला जुना चष्मा दिला होता, तो तिच्या नाकावर टिकेना आणि टिकला तरी दिसेना. तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि अख्खं पुस्तक आपल्या शब्दांत तोंडपाठ म्हणून दाखवलं. बाईंना ते फार आवडलं, पण दाखला वाचणारणीलाच द्यायचा होता. आपल्याला कागद नको, असं गोदाक्का म्हणाली, ते रागाने नव्हे. पुढे ती असेपर्यंत मांडवीत लोकांना हेच दिसायचं, की पुढे गोदाक्का चालतेय आणि तिच्यामागून पेटी घेऊन काशी. एकीला बोलावलं तरी दोघी येत. वहिनीची ती मुलगी आज स्वतः आजी आहे.

माझं लग्न लांज्याच्या घरात ठरलं. वैशाखातला मुहूर्त निघाला. लग्नाच्या पापडांना तिघी मदतीला आल्या. पापड वाळत घालून झाल्यावर दुपारी आम्ही मागच्या पडवीत बसलो होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. गोदाक्काने पदराने मान पुसली आणि आईला म्हणाली, की ही पोर आता सासरी जाईल. आम्हाला हिने सगळे शब्द सांगितले. हिला कुणी काय सांगितलंय? मी मान खाली घातली. मला वाटलं, आई आता काहीतरी काम काढून मला आत पाठवील. आई पाटावर बसून राहिली. म्हणाली, “सांगा. पण नीट सांगा.”

मग त्या तिघींनी मला सांगितलं. आडपडदा न ठेवता, मध्ये मध्ये हसत, काशी तर हातवारे करून. वहीतल्या एकेका शब्दापुढे एकदाची वस्तू येऊन बसली. गर्भाशय कुठे असतं हे गोदाक्काने माझा हात माझ्याच पोटावर ठेवून दाखवलं. मला लाज वाटली, ती थोडाच वेळ. मग मी प्रश्न विचारू लागले आणि थांबेना. आई हे सगळं ऐकत होती. ऐकता ऐकता पुढ्यातलं सूप तिने बाजूला सारलं.

“गोदाक्का,” ती हळू म्हणाली, “यमूच्या पाठचा माझा मुलगा. तो कशाने गेला? तो पोटात असताना मी ग्रहणात विळी हातात घेतली होती, म्हणून का?”

मला पाठचा भाऊ झाला होता हे मला ठाऊक होतं. हा प्रश्न आईच्या मनात होता, हे ठाऊक नव्हतं. गोदाक्का तेव्हाही तिच्याजवळ होती. तिने आईकडे सरळ पाहिलं.

“न्हाय बाई. नाळंचा फास बसला हुता त्याच्या गळ्याभोवती. मी हातानं सोडवला, पर तवर ऊशीर झाला हुता. इळीचा काय न्हाय. तुमचा काय चुकला न्हवता.”

आईने आपल्या हातांकडे पाहिलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली, चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला. काशी पुढचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आई म्हणाली, “मी येईपर्यंत थांबा गो. मलाही ऐकायचंय.”